घरचे आरोग्य आणि गल्लीचे आरोग्य

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा घर सांभाळणाऱ्या एखाद्या सभासद बाईने चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीत ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुस्तकी भाषण मला जमणार नाही. पण केरसुणी, मोरी, चूल आणि पाण्याची पिंपे यांच्याशी माझी वीस-बावीस वर्षांची ओळख आहे. तेव्हा त्यांच्याबद्दलच बोलते.

पर्यावरण हा शब्द हल्ली फार कानावर येतो. तो ऐकला की आपल्याला जंगल आणि वाघ आठवतात आणि आपण म्हणतो, ते सरकार बघेल. पण आपल्या नाकात जाणारी हवा आणि आपल्या पिंपात साठणारे पाणी हेही पर्यावरणच आहे. ते बिघडले की पहिला खोकला आणि पहिला ताप आपल्याच घरात येतो. म्हणून ज्या सवयींनी घरचे आणि गल्लीचे असे दोघांचेही भले होते, त्यांतल्या तीन-चार सांगते.

पहिली गोष्ट कचऱ्याची. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा असे नियम २०१६ साली देशभर झाले. नियम झाले म्हणजे सवय लागतेच असे नाही. पुष्कळ घरांत अजून भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या, उरलेला भात आणि फुटका बल्ब एकाच डब्यात नांदतात. हा डबा पुढे कोणाच्या हाती जातो? आपल्या पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतर्फे त्या दारोदार कचरा घेऊ लागल्या. आपण जे एकत्र टाकतो ते कोणा बाईला हातांनी वेगळे करावे लागते. काच लागून तिचा हात कापतो.

येथे सगळ्या बायकाच आहोत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. पाळीचे पॅड उघडे टाकू नयेत. ते जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा, म्हणजे आत काय आहे ते उघडल्यावाचून कळते. पुण्यात या लाल ठिपक्याची मोहीमच झाली. याला एक पैसा पडत नाही. आपल्या सुनांना आणि लेकींना हे आपणच सांगितले पाहिजे. संकोच करीत बसलो तर कोण सांगणार?

ओला कचरा घरीच जिरवता येतो. भोके पाडलेली बादली किंवा जुनी कुंडी घ्यावी. तळाशी वाळलेली पाने घालावीत, वर भाजीची देठे व साली, त्यावर पुन्हा तितकीच पाने. अधूनमधून आंबट ताकाचा हबका मारावा आणि काडीने वरखाली करावे. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजावे आणि आणखी पाने घालावीत. दीड-दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. हाच कचरा डेपोवर ढिगाखाली दाबला गेला तर हवा न मिळाल्याने कुजतो आणि त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईला देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस वस्तीवर राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्यापायी काय सोसले, तेही आपण वाचले आहे. आपल्या डब्यातले ओझे दुसऱ्याच्या गावात जाऊन पडते.

आता धुराचे सांगते, आणि हे जरा मनापासून सांगते. थंडी सुरू झाली की आपल्या गल्लीच्या टोकाला रोज सकाळी पाने पेटवतात. त्याबरोबर पिशव्या, कप, थर्मोकोलही जळते. थंडीत सकाळची हवा जड असते. धूर वर न जाता खालीच रेंगाळतो, आणि शाळेची मुले त्याच वेळी रस्त्यावर असतात. माझ्या सासूबाईंना दमा आहे. डिसेंबर-जानेवारीत त्यांची सकाळ खिडकी लावून, पंप हातात धरून जाते. आपल्यापैकी निदान चार घरांत तरी अशी म्हातारी माणसे किंवा लहान मुले आहेत, हे मला ठाऊक आहे. पानांच्या धुरातले कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसात खोल जातात. प्लॅस्टिक जळाले तर त्यातून आणखी विषारी द्रव्ये निघतात. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात दिला होता.

पण दंडाची भाषा करण्यापूर्वी एक विचार करू या. जाळणारी बाई झाडूवाली आहे. तिला रस्ता स्वच्छ करून द्यावयाचा असतो आणि पाने टाकावयास जागा नसते. ती काय करणार? आपण तिला बोललो तर ती उद्या आपल्या पाठीमागे पेटवील. जागा दिली तर पेटवणार नाही. मैदानाच्या कोपऱ्यात जाळीचा एक मोठा पिंजरा उभा केला, तर पाने त्यात पडतील, पावसाळ्यात आपोआप कुजतील, आणि वर्षभर आपल्या बादल्यांना लागणारी सुकी पानेही तेथेच मिळतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत तीन घरी डेंग्यू झाला. सगळ्यांनी गटाराला बोल लावला. पण डेंग्यूचा डास गटारापेक्षा घरातल्या साठलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. पिंप, फ्रिजमागची ताटली, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची बशी, चिमण्यांसाठी ठेवलेले भांडे, गच्चीवरचे टायर, नारळाची करवंटी, एवढे त्याला पुरते. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजारणीच्या पिंपातला असतो! अंड्याचा डास व्हावयास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करावयाची. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात, म्हणून कडा काथ्याने घासून काढाव्यात. पिंपावर जुन्या धोतराचे फडके घट्ट बांधावे. घासलेले पाणी झाडांना घालावे. औषधाची फवारणीही कमी लागेल, आणि ते औषध आपल्या श्वासातही जाणार नाही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. माझे माहेर सोलापूरकडचे, तेव्हा ज्वारीची बाजू घेते असे म्हणा हवे तर. ज्वारी-बाजरीला उसाच्या किंवा भाताच्या मानाने पाणी फारच कमी लागते, कडब्यावर जनावरे जगतात, आणि भाकरीतला कोंडा पोट साफ ठेवतो. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा कोठे शहरातल्या लोकांना भाकरी आठवली. रोज नको, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी करावी. कडधान्ये रात्री भिजत घालावीत, भांड्यावर झाकण ठेवावे. कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करावा. वाफ एकदा पुरी भरली की मोठ्या आंचेने काही लवकर शिजत नाही, गॅस तेवढा वाया जातो. स्वयंपाक चालू असेतो खिडकी उघडी असावी. आमच्या आईने जन्मभर चुलीपुढे धूर गिळला. तिचा खोकला मी विसरलेले नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात. मंडई पंधरा मिनिटांच्या वाटेवर असताना स्कूटर काढू नये. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टर आठवड्याला दीडशे मिनिटे चालावयास सांगतात, ती भरली! जाताना हातात कापडी पिशवी असावी. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली, तरी भाजीवाल्याकडे हळूच पिशवी मागणाऱ्या आपणच असतो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा गटारे तुंबण्यास या पिशव्याही कारण झाल्या, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. पिशवी फुकट मिळते, पण तिची किंमत अशी मोजावी लागते.

भगिनींनो, घरोघरी एकेकीने हे केले तर फायदा आहेच. पण शेजारणीचे पिंप उघडे असेल तर माझे कोरडे पिंप मला वाचवीत नाही. म्हणून हे मंडळाचे काम आहे. माझ्या तीन सूचना आहेत. दर शुक्रवारी सकाळी अर्धा तास साऱ्या गल्लीने कोरडा दिवस पाळावा, आणि प्रत्येक इमारतीतल्या एकीने गच्ची पाहून यावी. पानांच्या पिंजऱ्यासाठी मंडळाच्या शिलकेतून खर्च मंजूर व्हावा आणि थंडीपूर्वी तो उभा राहावा. शिवणवर्गाने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून प्रत्येक घरी दोन द्याव्यात.

यांतले एकच जमणार असेल तर पिंजऱ्याचे आधी करा, अशी माझी विनंती आहे. येत्या डिसेंबरात आपल्या गल्लीत सकाळी खिडक्या उघड्या दिसल्या, तर या वर्षी मंडळाने काय केले ते अहवालात वेगळे लिहावे लागणार नाही.