गाणें कोणाचें?
(तरुण गायकांपुढें केलेलें भाषण)



जुन्या चालीवर नवें गाणें बांधलें तर तें आपलें म्हणावें कीं चोरीचें, हा प्रश्न आपल्या गाणाऱ्या पोरांना नेहमीं पडतो. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मी आज अमेरिकेंतील एका पोराची हकिकत सांगणार आहें.

त्याचें नांव बॉब डिलन. जन्म १९४१ सालचा. मिनेसोटा प्रांतांत लोखंडाच्या खाणींच्या हिबिंग गांवीं तो वाढला. जानेवारी १९६१ मध्यें, विशी गांठण्यापूर्वींच, तो गिटार घेऊन न्यूयॉर्कला आला. गरीब शेतकऱ्यांचा व मजुरांचा कवि वुडी गथ्री तेव्हां इस्पितळांत खितपत पडला होता. त्याला भेटावें, त्याच्यापुढें गावें, हाच पोराचा ध्यास. मार्च १९६२ मध्यें त्याची पहिली तबकडी निघाली. तींत १३ गाणीं, पण स्वतः रचलेलीं दोनच. त्यांतलें एक गथ्रीलाच उद्देशून, आणि चालहि गथ्रीचीच! गथ्रीचें मूळ गाणें १९१३ च्या नाताळांतील अनर्थाचें होतें. मिशिगन प्रांतांत तांब्याच्या खाणींतील संपवाल्यांचीं मुलेंबाळें सण करीत असतां आग लागल्याची खोटी आरोळी उठली आणि चेंगराचेंगरींत ७३ जीव गेले.

पुढें तो झपाट्यानें रचूं लागला. त्याची रीत साधी होती. जुनें गाणें तोंडपाठ करायचें आणि त्याच्या सांच्यांत आपल्या काळचें दुःख ओतायचें. स्कॉटलंड-इंग्लंडकडील एका जुन्या गाण्यांत आई प्रश्न करते आणि विषबाधा झालेला मुलगा उत्तरें देतो. १९६२ मध्यें डिलननें तोच सवालजबाब घेऊन जगावर येऊं घातलेल्या संकटाचें गाणें केलें. याला चोरी म्हणतां येणार नाहीं. आपल्या आयाबाया जात्यावर बसून जुन्या ओवीच्या चालींत नव्या लेकराचें नांव गुंफीत असत, तसेंच हें.

पण त्याच वर्षींचें ‘ब्लोइंग इन द विंड’ घ्या. त्याच्या चालीचें मूळ गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या एका जुन्या भजनांत आहे. लिलावाच्या ओट्यावर पुन्हां चढणार नाहीं, असा त्याचा आशय. हें मूळ डिलननेंच पुढें सांगितलें. भजन रचणारे निनांवी राहिले. नवें गाणें डिलनच्या नांवावर लागलें, आणि १९६३ मध्यें दुसऱ्या एका मंडळीनें गाइलेल्या त्याच्या तबकड्या लाखोंनीं खपल्या. काळा गायक सॅम कुक याच्या तें मनाला लागलें. आमच्या दुःखाचें गाणें गोऱ्या पोरानें करावें! त्यानें स्वतःचें गाणें लिहिलें, ‘ए चेंज इज गॉना कम’, आणि १९६४ मध्यें तें ध्वनिमुद्रित केलें.

चाल सर्वांची असते हें खरें. पण कागदावर एकाचेंच नांव लागतें आणि पैसा त्या नांवामागें जातो. केंटकीच्या डोंगरांतील जीन रिची हिच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या गाइल्या गेलेल्या गाण्याची चाल डिलनच्या युद्धखोरांवरील गाण्यांत आली. आपल्या घराण्याचें नांव लागावें ही तिची मागणी. वकिलांनीं ५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटविलें. उलट, इंग्लंडांत मार्टिन कार्थी याच्याकडून शिकलेल्या एका चालीचा उल्लेख १९६३ च्या तबकडीच्या वेष्टनावर कार्थीच्या नांवानिशीं झाला. त्यानें डिलनचें कांहीं उणें झालें काय? २०१६ सालीं त्याला नोबेल पारितोषिकहि मिळालें.

तेव्हां पोरांनो, जुन्या चाली खुशाल घ्या. न घ्याल तर त्या आजीबरोबरच जातील. मात्र फडावर उभें राहिल्यावर सांगा कीं ही चाल अमक्या आजीची. शाहीर शेवटच्या कडव्यांत स्वतःचें नांव गोंवतो, तेथेंच त्या माउलीचेंहि नांव गोंवा. आणि गाण्याचे चार पैसे हातीं आले तर तिच्या घराचा वांटा काढून ठेवा. पेरणीला शेजाऱ्याकडून आणलेलें बियाणें सुगीला परत करण्याची आपली रीत आहे. तीच येथें पाळा.