चहा आणि भाकरी



ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनाच १८९० साली चहापायी मोठा ताप झाला. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी गेली, तेथे चहा पुढे आला आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले. त्या वादात प्रश्न होता, चहा कोणाच्या हातचा? चहा पोटात जाऊन काय करतो, हा प्रश्न तेव्हा वादाचा नव्हता. तो आज आम्ही आपल्यापुढे घेत आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. पण जन्म कामगारांत गेला, आणि कामगाराचा दिवस चहावर उभा असतो हे आम्ही रोज पाहतो. आपल्या माण तालुक्यात तर पाहुण्यापुढे आधी पाण्याचा तांब्या आणि मग चहा. दूध असेल तर दुधाचा, नसेल तर कोरा.

हा चहा आपोआप आलेला नाही. चहाचा खप वाढवण्यासाठी १९०३ साली सरकारने निर्यातीच्या चहावर खास पट्टी बसवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मळेवाल्यांनी कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या येथे चहाची दुकाने लावून कामगाराला गोडी लावली. साताऱ्याकडची हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. गिरणीतली सवय सुट्टीत गावी येऊ लागली.

आता शास्त्राकडे वळू. चहात मुख्य द्रव्ये दोन. पहिले कॅफीन. आपण काम करतो तसतसे मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते थकव्याचा निरोप देते. कॅफीन त्या निरोप्याची जागा अडवून बसते. म्हणून हुशारी वाटते. परंतु वसुलीवाल्याला दारात अडवले म्हणून कर्ज फिटत नाही. चहाने थकवा झाकतो, भरून निघतो तो झोपेने आणि अन्नाने.

दुसरे द्रव्य तुरट वर्गातले, टॅनिन. बाभळीच्या सालीत कातडे कमावतात ते या वर्गातल्याच द्रव्यांच्या जोरावर. महात्मा गांधींनी कडक चहाला विरोध केला तो याच टॅनिनकडे बोट दाखवून. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून शाई करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्यातले टॅनिन लोहाला घट्ट धरते आणि काळा रंग येतो. पोटातही तसाच प्रकार घडतो. भाकरीतले लोह रक्तात जाण्याआधी चहातले टॅनिन त्याला धरून ठेवते, आणि ते लोह शरीराला न लागता बाहेर पडते.

ही आमची कल्पना नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पावाबरोबर किंवा भाताबरोबर चहा दिला तेव्हा अन्नातील लोह अंगी लागण्याचे प्रमाण घटले. ज्यांचे जेवण मुख्यतः धान्यभाजीचे आहे त्यांनी जेवताना चहा घेतला तर रक्तक्षयाला हातभार लागू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. धान्यभाजीचे जेवण म्हणजे आपलेच जेवण की हो!

आपली बाजरी लोहाने संपन्न आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, आणि त्यांच्या अंगातला लोहाचा साठा सुधारला. असे गुणाचे धान्य आपण पिकवतो, आणि सकाळी तीच भाकरी चहात कुस्करून खातो. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

त्याची झळ कोणाला? २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत चोपन्न रक्तक्षयाने पीडित आढळल्या. चहा हेच त्याचे कारण, असे आम्ही म्हणणार नाही. अपुरे अन्न, बाळंतपणे, जंत अशी कारणे पुष्कळ आहेत. पण जिचे रक्त आधीच कमी, तिच्या ताटातले थोडे लोहही चहाने अडवले तर भरपाई कशाने व्हायची?

याच्या उलट बाजूही ऐका. २०२२ साली ब्रिटनमधील सुमारे पाच लाख माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला. अशा पाहणीतून चहानेच आयुष्य वाढवले असे सिद्ध होत नाही. पण चहा हे विष आहे, या म्हणण्याला तिच्यात आधार मिळत नाही. मग खरे काय? आमच्या मते दोन्ही खरे. चहाचा गुण ताटावर ठरतो. पोटभर आणि सकस खाणाऱ्याला तो निरुपद्रवी, कदाचित उपकारकही. अर्धपोटी माणसाला तोच महागात पडतो.

आणखी दोन गोष्टी. ६५ अंशांहून अधिक कढत पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना अडाणी म्हणू नका! दुसरी गोष्ट साखरेची. कपाला दोन चमचे धरले तर आठ कपांत सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर पोटात जाते. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी, असा जागतिक संघटनेचा उत्तम पक्ष आहे.

उपाय साधा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. इंग्लंडमध्ये बारा स्त्रियांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही तासाभराच्या अंतराने लोहाचा अडथळा बराच कमी झाला. भाकरीवर लिंबू पिळा. आंबटातले क जीवनसत्त्व लोहाला मदत करते. लहान मुलांना चहा-चपातीची सवय लावू नका.

पण येथेच आमच्या धंद्याचा प्रश्न येतो. तासाचे अंतर ठेवायला तास हाती लागतो. पहाटे अंधारात फडात उतरणारी ऊसतोडीची बाई, खडी फोडणारी बाई, तिला न्याहारीची वेळच कोण देतो? मुकादम कपभर चहा पाजतो आणि भूक दुपारवर ढकलतो. चहा स्वस्त, भाकरीची सुट्टी महाग, हा त्यातला हिशेब आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह, असे ठरवले होते. ते हक्क मागून, भांडून मिळाले. फडावरच्या आणि खाणीवरच्या बाईला कागदावर काय मिळते यापेक्षा हातात काय पडते, हे आपण पाहिले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. घरात, मायबहिणींनो, आधी भाकरी, मग तासाने चहा. आणि वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. घरच्या पुरुषांनीही सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाणाऱ्या बाईचे ताट एकदा पाहावे. आणि कामावर, चहाची किटली आली म्हणून जेवणाची सुट्टी सोडू नका. दोन्ही मागा. चहा मालकाच्या मर्जीचा असेल, जेवणाची वेळ आपल्या हक्काची आहे.