सापासाठी पिस्तूल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘अमेरिकेतले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी बोलणार आहे साप आणि पिस्तूल यांवर. जेवणाआधी हा विषय काढल्याबद्दल माफ करा.

मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहते. आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम आणि रविवारी वाळवंटातल्या डोंगरांवर भटकंती. तिथे रॅटलस्नेक असतात. दोन वर्षांपूर्वी पायवाटेवर माझ्या लेकीपासून चार पावलांवर एक वेटोळं घालून बसला होता. शेपटी वाजली, आम्ही मागे सरलो, तो झुडपात गेला. एवढंच घडलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, “पिस्तूल घे.” तिकडे डोंगरात फिरणारे काही जण खरंच ते बाळगतात. मी पडले इंजिनिअर. कागदावर तक्ता मांडला: वजन, खात्री, पल्ला. .३८ स्पेशलचं आखूड नळीचं रिव्हॉल्वर साधारण अर्धा किलोचं. त्यात गोळीऐवजी बारीक छऱ्यांचं काडतूस घालतात. स्वयंचलित पिस्तुलात अशी काडतुसं कधी अडकतात, रिव्हॉल्वरमध्ये ती भीती नाही. म्हणजे निवड झाली होती. मग पल्ल्याचा रकाना भरायला घेतला आणि थांबले.

छरे पसरत जातात, म्हणून त्यांचा उपयोग जेमतेम तीन मीटरपर्यंत. रॅटलस्नेक झेप घेतो ती साधारण स्वतःच्या निम्म्या लांबीची. साप चार फुटांचा, तर झेप दोन फुटांची. म्हणजे तो तीन मीटरवर दिसला, तर मी आधीच सुरक्षित आहे. मागे फिरले की झालं. आणि दिसलाच नाही, तर पिस्तूल बाहेर काढेपर्यंत तो चावून मोकळा. शिवाय खडकावर आपटून उडालेला छरा लेकीच्या डोळ्यात गेला तर? राष्ट्रीय उद्यानांत तर २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, पण झाडायला बंदी आहे.

तक्त्यात चूक नव्हती, प्रश्नच चुकला होता. मी विचारत होते, “सापाला कसं मारू?” विचारायला हवं होतं, “लेक घरी कशी येईल?”

त्या रात्री झोप का लागली नाही, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मुलींच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे कोण बसायची, ते तुम्हाला आठवतं. नववीचा पावसाळा, अंधारातली बांधावरची वाट, पायात काही नाही, हातात बॅटरी नाही. घोणस चावली. घरच्यांनी मांडीला दोरी करकचून आवळली, आधी मांत्रिकाकडे नेलं. दवाखान्यात पोचेस्तोवर उजाडलं होतं. तिला पिस्तुलाने वाचवलं नसतं. बॅटरीने, बुटांनी आणि गेलेल्या त्या तासांनी वाचवलं असतं.

मी पिस्तूल घेतलं नाही. घोट्यावर येणारे बूट घेतले, डोक्याला लावायची बॅटरी घेतली, काठी घेतली. दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही, हे लेकीकडून घोकून घेतलं. चावलाच तर दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, रक्त चोखायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचे, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. विषावरचं औषध तिथेच मिळतं. इथेही नियम हाच. फक्त फोन १०८ ला करायचा.

शेवटी एक मागणं. मेळाव्याच्या निधीतून काही उरणार असेल, तर वाड्यांवरून चालत येणाऱ्या मुलामुलींना बॅटऱ्या आणि गमबूट देऊ या. आणि दर जूनमध्ये, शाळा उघडली की, सर्पदंशावर एक तास घेऊ या. पहिल्या वर्षीचा खर्च माझा. फक्त तो तास तिच्या नावाने व्हावा.