चूल घरी ठेवून गेलो तेव्हा

आम्ही दोघी जावा माण तालुक्यातून बोलतोय. एरवी आम्ही शेळ्यांबद्दल नाहीतर गटाच्या कर्जाबद्दल बोलतो. आज आमच्या सहलीचं सांगणार आहोत. पण ऐका, शेवटी गोष्ट हिशेबावरच येते.

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. पोरांनी हट्ट धरला, आत्याबाईंनी बोकड विकलेले पैसे पुढे केले आणि आम्ही नऊ जण भाड्याच्या जीपने निघालो. आत्याबाई, मामंजी, आम्ही दोघी, दोघींचे मालक आणि तीन पोरं. जायचं होतं बामणोलीकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला.

खरं सांगायचं तर आम्ही आजवर फिरलोच नाही असं नाही. पंढरपूरला गेलो, जेजुरीला गेलो. पण जिथं गेलो तिथं स्टोव्ह, पीठ, कढई बरोबर. देवाला गेलो तरी भाकरी आम्हीच थापल्या. या वेळी धाकट्या भावजींनी सांगितलं, जेवण तिथंच मिळणार आहे, फक्त वाटेपुरतं घ्या. तरी आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली म्हणा.

गोंदवल्याला महाराजांचं दर्शन घेतलं. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला पोचलो. पुढे यवतेश्वरचा घाट लागला. वळणावळणाला धाकटी पोर उलटी करायला लागली. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळायला दिला, जीप थोडी थांबवली, मग बरं वाटलं तिला. कासचं पठार जानेवारीत सुकलेलं असतं, फुलं पाहायची तर पावसाळ्याच्या शेवटी यायला हवं. पठार ओलांडून उतरलो आणि खाली पाणीच पाणी दिसलं. टँकरची वाट बघणारी माणसं आम्ही. आत्याबाईंनी हात जोडले.

काठावर टेकाडावर लाकडी फळ्यांच्या, कौलारू दोन खोल्या. शहरातले लोक तिला केबिन म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "ही तर आपल्या मळ्यातली खोप, नुसती धुतलेली."

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाई अंथरुणात नाहीत. शोधलं तर त्या घरमालकीण ताईंच्या चुलीपाशी. पीठ मळायला बसल्या होत्या. ताईंनी परात काढून घेतली. म्हणाल्या, "आत्या, तुम्ही पाव्हण्या. आज तुम्ही हात लावायचा नाही." आत्याबाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. आम्हालाही कळेना. उजाडेपर्यंत तिघी पाण्याकडे बघत बसलो. आमच्या लग्नाला चौदा आणि दहा वर्षं झाली. आत्याबाई आम्हाला त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल पहिल्यांदा त्या सकाळी बोलल्या.

नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, तळलेले मासे, भात. सगळं गरम, सगळं ताटात. पोरं लाँचमधून फिरून आली. रात्री आम्ही ताईंना जवळ बसवलं. त्या म्हणाल्या, कोयना धरण झालं तेव्हा सासरची खालची शेतं पाण्यात गेली, म्हणून हा धंदा सुरू केला. म्हटलं, तुम्ही कुठं जाता सुट्टीला? त्या हसल्या. "सुट्टी आली की पाव्हणे येतात. तुमच्या सुट्टीतच आमचं काम जास्त."

सोमवारी पोरांनी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंड्याला सलामी दिली. मग हिशेब झाला. मोठ्या माणसाला दिवसाला 900 रुपये, पोरांना निम्मे. दोन दिवसांचे 13,500 झाले. आमचे मालक म्हणाले, "12,000 घ्या की, घरचंच तर जेवण." ताई गप्प राहिल्या. तेव्हा आम्ही दोघी मध्ये बोललो. तीन जेवणांच्या साठ भाकरी झाल्या. दोन न्याहाऱ्या, चहा वेगळाच. लाकूडफाटा, पाणी, अंथरुणं, भांडी, खोल्या झाडणं. घरचं जेवण म्हणून ते फुकट होतं का? पैसे पुरे दिले. मालक जीपमध्ये कोरेगावपर्यंत बोलले नाहीत.

मैत्रिणींनो, त्या वेळी आम्हाला जाणवलं की आम्हीही आमच्या कामाला तसंच "घरचंच" म्हणत आलो. ताईंच्या भाकरीला भाव आहे आणि आपल्या भाकरीची कुणी मोजदादसुद्धा करत नाही. आपण घरात बिल लावणार नाही. पण कष्ट मोजले तर वाटून घेता येतात. आता आमच्याकडे रविवारची रात्र पुरुषांची. पहिलं पिठलं करपलं. मामंजींनी तेच खाल्लं आणि ताटही स्वतः धुतलं.

गटातल्या ज्या बायका असा धंदा करू पाहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भाव ठरवताना आपली मजुरी त्यात धरा, मग घासाघीस करणाऱ्याला हिशेब दाखवता येतो. आणि शासनाने 2023 साली महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं आहे. धंदा बाईच्या नावावर असेल तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची त्यात तरतूद आहे. अटी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात नीट विचारून घ्या, मगच कर्जाला हात घाला.

निघताना आम्ही ताईंना म्हटलंय, मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला या, राहायला आमच्याकडे. त्या म्हणाल्या, पाव्हण्यांचं कोण बघणार? त्यांच्या मालकांना आम्ही सांगून आलोय, दोन दिवस तुम्ही बघा. येतील असं वाटतंय. आल्या की परात आमच्या हातात असेल.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा, चूल बरोबर न घेता तुम्ही शेवटचं कधी बाहेर गेला होतात? आणि आम्हाला कळवा. नमस्कार.