गाठीतला आणि रक्तातला छुपा कर्करोग

धाराशिव जिल्ह्याचे नाव जगभरातील कर्करोगतज्ज्ञांच्या परिचयाचे झाले, ते १९९९ मध्ये येथील खेड्यांत सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासामुळे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामावून घेतले. गर्भाशयमुखाचा, म्हणजे गावच्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग वेळीच ओळखण्याची कोणती रीत खरोखर जीव वाचवते, हे त्यांना पाहायचे होते. काही गटांत पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, काहींत विरळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली, आणि काहींत या रोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधला गेला. चौथ्या भागातील स्त्रियांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत राहिली. त्यांना असे तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे उपस्थित केला आणि तो रास्तच होता.

डीएनएची ही चाचणी रेणूंच्या पातळीवरची. नमुन्यातील डीएनएचे जुळे धागे सुटे करून त्यांना विषाणूच्याच डीएनएशी जुळेल असा आरएनएचा धागा दिला जातो, आणि जोडी जमली की पुढील रासायनिक क्रियेत जो प्रकाश उमटतो, तो यंत्र मोजते. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांतील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. डीएनए चाचणीच्या गटात १२७ स्त्रियांना कर्करोग आढळला आणि तपासणी न झालेल्या गटात ११८ स्त्रियांना, म्हणजे संख्या जवळपास सारखीच. पण पुढच्या अवस्थेला पोहोचलेले कर्करोग पहिल्या गटात ३९ होते आणि दुसऱ्यात ८२. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४ झाले. इतर दोन रीतींनी मृत्यू इतके घटले नाहीत. रोगाची खूण सापडलेल्या स्त्रीची पुढची तपासणी आणि उपचार त्याच योजनेत बांधलेले होते, आणि हे श्रेय चाचणीइतकेच त्या व्यवस्थेचे आहे.

कर्करोग मूळ जागा सोडून पसरू लागतो तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. त्याचा पहिला टप्पा बहुधा जवळच्या लसिका ग्रंथींत असतो. जंतुसंसर्गाने जांघेत सुजून आली की जिला अवधाण म्हणतात, ती अशीच एक ग्रंथी. शल्यचिकित्सकाने काढलेल्या ग्रंथीचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात, आणि हे पोत्यात सळई खुपसून निघालेल्या मूठभर तुरीवरून सबंध पोते पारखण्यासारखे आहे, कारण कापांच्या मधल्या भागात पेशींचा एखादा पुंजका असला तर तो कोणाच्याच नजरेस पडत नाही.

तंबाखूने पोखरलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न तोंडाच्या कर्करोगात रोजचाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ या काळात, मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ उगवेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्यातील ६७.५ टक्के. मात्र ज्यांची मान आधीच उघडली, त्यांतील सुमारे तीस टक्क्यांच्याच ग्रंथींत रोग सापडला. म्हणजे उरलेल्या सत्तर टक्क्यांनी खांद्याचा अशक्तपणा आणि मानेचा ताठरपणा यांचा धोका पत्करला, तो केवळ छुपा रोग कोणाच्या ग्रंथीत आहे हे आधी सांगता येत नव्हते म्हणून.

रेणूंच्या चाचणीची खरी गरज येथे आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिली ग्रंथी काढून, ती कुटून, केराटिन-१९ या प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए तिच्यात किती आहे हे मोजतात. निरोगी ग्रंथीच्या पेशी हे प्रथिन सहसा बनवत नाहीत, त्यामुळे तो भरपूर सापडला तर त्या पेशी स्तनातून आल्या असे मानले जाते. उत्तर सुमारे अर्ध्या तासात, रुग्ण टेबलावर असतानाच मिळते. पण कुटलेली ग्रंथी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही.

रक्तातील शोधाचा इतिहास जुना आहे. ऑस्ट्रेलियात टॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये कर्करोगाने मृत झालेल्या माणसाच्या रक्तात गाठीतल्यासारख्या पेशी पाहिल्या होत्या. आज साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी असणे हे पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात गंभीर लक्षण मानतात. परंतु पहिल्या औषधानंतरही त्या कमी न झालेल्या स्त्रियांचे औषध लगेच बदलून पाहिले, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. याउलट मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या अवस्थेतील कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडतो की नाही यावरून केमोथेरपी द्यायची की नाही हे ठरवले, तेव्हा ती २८ ऐवजी १५ टक्के रुग्णांनाच द्यावी लागली आणि रोग उलटण्याच्या बाबतीत त्यांचे नुकसान झाले नाही; हा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२२ चा. पहिली चाचणी खरे बोलत होती, पण वैद्याच्या हातात तिच्यावर उत्तर नव्हते. दुसरीने निष्कारण औषध टाळले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही उपचारानंतर रक्तात एचपीव्हीचा डीएनए मागे राहतो का, याचा अभ्यास चालू आहे. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्यातील रोजंदारीवरच्या स्त्रीला येरमाळ्यावरून बार्शीची फेरी म्हणजे एक मजुरी बुडणे, त्यामुळे अशा स्त्रीचे रक्त गावाजवळच घेता आले तर मोठी सोय होईल. अडचण अशी की साध्या नळीतले रक्त तासन्‌तास तसेच राहिले तर त्यातील पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या पुरात गाठीचा तुटपुंजा डीएनए हरवतो. त्यासाठी पेशी टिकवून धरणाऱ्या खास नळ्या किंवा त्याच दिवशी प्लाझ्मा वेगळा करणारी प्रयोगशाळा जवळ हवी, आणि ही सोय जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर उभी करणे, ज्या जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला हे ज्ञान दिले, तेथे तरी लांबणीवर पडू नये.