सहा पेन्सांचे पुस्तक आणि लिलावाची बोली



जुन्या पुस्तकाची किंमत काय, हा प्रश्न रद्दीवाल्याने तराजूवर केव्हाच सोडविला आहे. पुस्तके जमविण्याचा नाद ज्यांना जडला, त्यांना मात्र तो सुटत नाही. आणि लिलाव घरबसल्या इंटरनेटवर होऊ लागल्यापासून तर तो अधिकच बिकट झाला आहे. आम्ही त्याच नादातले. त्यात जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवतो.

एकच उदाहरण घेऊ. जुलै १९३५ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलन लेन यांनी पेंग्विनची पहिली दहा पुस्तके काढली. त्यांत हेमिंग्वे होते, अगाथा ख्रिस्ती होत्या, आणि पहिला क्रमांक आंद्रे मोर्वा यांनी लिहिलेल्या शेलीच्या चरित्राचा, 'एरियल'चा होता. बांधणी कागदी, किंमत सहा पेन्स. अशी पुस्तके खिशात कोंबावयाची, आगगाडीत वाचावयाची आणि कोठेतरी विसरावयाची! प्रती हजारांनी निघाल्या. नीट राहिल्या त्या थोड्या. तेव्हा दुर्मिळपणा किती प्रती छापल्या यावर नव्हे, तर चांगल्या किती उरल्या यावर ठरतो. त्या पुस्तकांवर कागदी वेष्टनही असे. ते बहुतेकांनी फेकून दिले. म्हणूनच वेष्टनासह मिळालेल्या प्रतीचा मान मोठा.

मग प्रत ओळखावयाची कशी? मुखपृष्ठावरून नव्हे. मुख्य शीर्षकाचे पान उलटले की मागे मुद्रणाचा इतिहास दिलेला असतो. पुनर्मुद्रण असेल तर ते बहुधा तेथे कळते. एकदा आम्ही नुसत्या मुखपृष्ठाचे छायाचित्र पाहून 'पहिले मुद्रण' म्हणून एक प्रत घेतली. पुडके सोडले, पान उलटले, तो पुनर्मुद्रणाची ओळ समोर उभी! विकणाऱ्याला दोष द्यावा, तर त्या पानाचे छायाचित्र आम्ही मागितलेच नव्हते. तेव्हापासून ते पान, पुस्तकाची पाठ आणि आतील शिवण पाहिल्यावाचून आम्ही बोली लावीत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. विक्रेता मागतो ती किंमत म्हणजे त्याची इच्छा. गिऱ्हाईक मोजते ती किंमत. १९९५ साली सुरू झालेल्या ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे पाहता येतात. तेच पाहावेत, आणि तेही आपल्या प्रतीसारख्याच स्थितीतील प्रतींचे.

आता बोली. तेथे आपली कमाल रक्कम एकदा सांगितली की यंत्र आपल्या वतीने लागेल तेवढेच चढते. समजा, आपण ४० पौंड लिहिले आणि दुसऱ्याची मजल २५ वरच संपली, तर आपल्याला वस्तू २६ च्या आसपास मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवरून किंमत ठरत असेल, तर आपली खरी मर्यादा लपविण्यात लाभ नाही, हे तत्त्व विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच मांडले होते. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण माणसाचे मन तत्त्वाला थोडेच जुमानते? शेवटच्या मिनिटाला कोणी आपल्यावर चढला की वाटते, 'अरे, याला काहीतरी ठाऊक असले पाहिजे!' त्यालाही आपल्याविषयी तेच वाटत असते. दोघे मिळून एकमेकांच्या अज्ञानाला भाव चढवितात. जो जिंकतो, त्याचा अंदाज बहुधा सर्वांत फुगलेला असतो. तेलाच्या क्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत तीन अमेरिकन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हेच दाखविले. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

म्हणून आमचा रिवाज असा. लिलाव सुरू असताना आकडा ठरवावयाचा नाही. आदल्या दिवशी, टपालखर्च व जकात धरून, तो कागदावर लिहावयाचा आणि घरातील माणसाला दाखवावयाचा. तो त्यांच्यासमोर उच्चारताना जीभ अडखळली, तर आकडा चुकला असे समजावे! आमच्या पेन्शनीत पुस्तकाआधी किराणा येतो.

सामान्य माणसाला परवडावे म्हणून सहा पेन्सांत निघालेले हे पुस्तक. ते मिळविण्यासाठी सामान्य माणसाने कर्जात पडावे, ही त्याची थट्टा होईल. लिलाव हातचा गेला तर जाऊ द्यावा. तेवढ्या पैशांत वाचण्याजोगी दहा पुस्तके येतात.