वचनाच्या अलीकडचं आणि पलीकडचं



आपल्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर एखादं वचन लावलेलं असतंच. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत कितीतरी मंडळ्यांत वचनाची कार्डं काढतात. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षभराचं वचन. त्यांत यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन हमखास असतं. देवाच्या मनात आपल्या भल्याचंच आहे, असं ते सांगतं. मुलाला नोकरी लागत नाही, घरात आजारपण आहे, कर्जाचे हप्ते थकलेत, अशा वेळी ते म्हटलं की मन सावरतं. हा धीर खोटा नाही. माझी विनंती एवढीच आहे, की त्या वचनाच्या मागचं आणि पुढचंही वाचा. तिथे याहून टिकाऊ धीर आहे.

तो २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतलं आणि राजाला, सरदारांना, कारागिरांना बाबेलला नेलं. त्या परमुलखात पडलेल्या लोकांना यिर्मया लिहितो आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडतो आणि दोन वर्षांत सगळे परत येतील असं जाहीर करतो. ऐकणाऱ्यांना केवढं बरं वाटलं असेल! पण शास्त्र त्याला खोटा ठरवतं. यिर्मया सत्तर वर्षं सांगतो. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं कळवतो. आपलं लाडकं वचन यानंतर येतं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. तरीही ते त्यांच्यासाठी होतं, कारण देव बाबेलातही त्यांच्या रोजच्या जगण्यात होता. अडचण लवकर सुटेल असं आश्वासन देणारा प्रत्येक जण देवाकडून आलेला नसतो, हे मला या दोन अध्यायांनी शिकवलं.

आता एलीया. पहिले राजे, अध्याय १९. माझ्या मते थकलेल्या माणसाने बायबलातलं एकच पान वाचायचं ठरवलं, तर हे वाचावं. आधीच्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांपुढे एलीयाचा मोठा विजय झाला. इथे ईजबेल राणीची धमकी येते आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. बैरशेब्यात चाकराला ठेवून एकटाच दिवसभर रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काय सांगतो? काहीच नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवू घालतो. पुढचा प्रवास लांबचा आहे, म्हणून खा, एवढंच कारण. विश्वास का डळमळला, असं कोणी विचारत नाही.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. आपल्याकडे कोणी खचला की आपण आधी त्याची प्रार्थना कमी पडली का, हे पाहतो. ज्याला रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको झालंय, त्याला झोप हवी, अन्न हवं, डॉक्टरांकडे नेणारं माणूस हवं. त्याला एकट्याला सोडू नका. हे विश्वासाच्या विरुद्ध नाही, कारण एलीयाच्या बाबतीत देवाने सुरुवात तिथूनच केली.

चाळीस दिवसांनी तो होरेबला पोचतो, तेव्हा बोलणं होतं. एलीयाची तक्रार एकच: मी एकटा उरलो. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात, मंद वाणी येते, आणि तो तीच तक्रार पुन्हा करतो. एवढ्या दर्शनानंतरही त्याचं मन जागेवर आलेलं नसतं. मग देव त्याला काम देतो. त्यातच अलीशाचं नाव सांगतो, म्हणजे सोबती देतो. आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, हेही कळवतो.

तक्रारीचं म्हणाल, तर स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण ८८वं वळत नाही. ते काळोखातच संपतं. ते शास्त्रात ठेवलं गेलं, यात मला देवाची मोठी दया दिसते. ज्या दिवशी स्तुती ओठांवर येत नाही, त्या दिवशीही उपासकाला म्हणायला काहीतरी आहे.

महाराष्ट्रात असं मागचं-पुढचं सगळं वाचणं कोणी जगून दाखवलं असेल, तर पंडिता रमाबाईंनी. १८७४च्या दुष्काळात आईवडील गेले, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये पटकीने पती. सिल्चरला असताना त्यांच्या हाती बंगाली भाषेतलं लूककृत शुभवर्तमान पडलं होतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. थोडं शिकलेल्या खेड्यातल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावं, ही त्यामागची तळमळ. छपाईच्या कामाला मुक्तीतल्याच बाया. १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि १९२४मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. त्यांनी निवडक वचनांची वही केली नाही, वंशावळ्या, विलाप, न पटणारे भाग, सगळं बायकांच्या हाती दिलं. सामान्य वाचकावर एवढा भरवसा फार थोड्यांनी टाकला आहे.

शेवटी फिलिप्पैकरांस पत्र. ख्रिस्ताच्या बळावर आपण सर्व काही करू शकतो, या अर्थाचं चौथ्या अध्यायातलं १३वं वचन परीक्षेला बसणारी मुलं वहीवर लिहितात. पौल ते बेड्यांत असताना लिहितो, आणि बोलतो आहे ते भुकेत आणि भरल्या पोटी सारखंच समाधानी राहण्याविषयी. पुढच्याच वचनात तो फिलिप्पैकरांचे आभार मानतो, माझ्या संकटात वाटेकरी झालात म्हणून. त्यांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. तो येऊन मरणाच्या दारी पोचण्याइतका आजारी पडला, आणि पौलाने आपली काळजी लपवलेली नाही. तो गेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, असं सरळ कबूल केलं आहे. पत्र चारच अध्यायांचं आहे. इस्पितळात कोणाला भेटायला जाल, तेव्हा ते सबंध वाचून दाखवा, आणि जाताना डबाही न्या.